कंत्राटी कामगार बाईला बाळंतपणाची पगारी रजा मिळते का? आणि युनियनचा त्यात काय संबंध?

नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्या बाईला दिवस गेले की एक उत्तर ठरलेलं असतं. "रजा परमनंटवाल्यांना. तुम्ही डिलिव्हरीनंतर या, जागा असली तर बघू."

कायद्यात असं कुठंही लिहिलेलं नाही.

मग कायदा काय सांगतो?

पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे, म्हणजे 182 दिवस पगारी रजा. त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. तिसऱ्या मुलाच्या वेळी रजा 12 आठवडे होते. गर्भपात झाला तर 6 आठवडे. अट एकच, बाळंतपणाच्या तारखेआधीच्या 12 महिन्यांत त्या मालकाकडे किमान 80 दिवस काम झालेलं हवं. 26 आठवड्यांची तरतूद 1 एप्रिल 2017 पासून आहे. मूळचा 1961चा कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण हे हक्क कायम राहिले. रजेवर असताना कामावरून काढणंही बेकायदा आहे.

यात कायम आणि कंत्राटी असा फरक नाही. तरीही तो प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि तिथं नेणारी एक युनियन होती.

खड्डे खणणाऱ्या बायकांची केस

दिल्ली महापालिकेत रोजंदारीवर रस्त्याची आणि खोदकामाची कामं करणाऱ्या बायका होत्या. वर्षानुवर्षं काम करूनही त्यांची नावं मस्टर रोलवरच राहिली होती. पालिकेचं म्हणणं होतं की रोजंदारीवाल्यांना रजा लागू नाही. यातली एकटी बाई कोर्टात गेली असती तर दुसऱ्या दिवशी तिचा रोज बंद झाला असता. त्यामुळे दिल्ली म्युनिसिपल वर्कर्स युनियननं सगळ्यांच्या वतीनं औद्योगिक विवाद उभा केला. 8 मार्च 2000 रोजी (हो, नेमका महिला दिन) सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की रोजंदारीवरच्या बायकांनाही रजा मिळालीच पाहिजे.

2023 मध्ये याच कोर्टानं आणखी एक पळवाट बंद केली. कंत्राटाची मुदत रजेच्या मधेच संपली, तरी रजेचा पूर्ण लाभ द्यावा लागतो.

पण पैसे कोण देतं?

खरं भांडण इथं आहे, आणि ते जुनं आहे. जुलै 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलं की आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा भार सरकारनंही उचलायला हवा. पण बायकांच्या कामाचा फायदा मालक घेतो, तेव्हा त्याची जबाबदारीही सुटत नाही. 1929चा मुंबईचा कायदा त्यानंतर आला.

पुढे 1948च्या ईएसआय कायद्यानं खर्च वाटून घेण्याची सोय केली. आज महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचे 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. ईएसआय असलेल्या बाईची 26 आठवड्यांची रक्कम मालक देत नाही, ईएसआय महामंडळ देतं. तेव्हा 'आम्हाला परवडत नाही' हे कारण तिथं चालत नाही.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवाच. कंत्राटदार बदलला तरी ईएसआयचा विमा क्रमांक तोच राहतो. नव्या ठिकाणी जुनाच क्रमांक द्या. नवा काढला तर आधीचे भरलेले दिवस वेगळ्या खात्यात अडकतात. आणि पगारातून कापलेली रक्कम खरंच भरली जाते का, तेही तपासा.

सिन्नरच्या विडी कामगारांचं काय?

नाशिक जिल्ह्यात या हक्काची जुनी परीक्षा कारखान्यात नाही, तर सिन्नरच्या घराघरांत झाली. 1966च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही प्रसूती लाभ लागू केला होता. त्या काळाच्या मानानं ही मोठी गोष्ट होती. मात्र घरच्या कामगाराला वैद्यकीय बोनस आणि बाळंतपणातल्या आजारपणाची जादा रजा त्यातून वगळली होती. अडचण मोजणीचीही होती. सासू, सून, मुलगी मिळून विड्या वळतात आणि कार्ड एकीच्या नावावर असतं, तेव्हा बाकीच्यांनी आपले 80 दिवस दाखवायचे कशावरून? विडी कामगारांच्या लढ्यात ओळखपत्र आणि कामाची नोंद या मागण्या इतक्या महत्त्वाच्या का, ते यावरून कळतं. हा कायदाही आता नव्या संहितांमध्ये विलीन झाला आहे.

आणि बापाला?

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला 15 दिवस. खासगी कंपनीतल्या बापाला कायद्यानं एकही दिवस नाही. म्हणजे ही रजा मिळवण्याचा एक मार्ग उरतो, युनियनचा वेतनवाढ करार. कराराची बातमी येते तेव्हा मथळ्यात वाढीचा आकडा असतो, रजेचं कलम कुणी विचारत नाही. तुमच्या कंपनीत नवं मागणीपत्र बनत असेल तर ते कलम घालायला सांगा.

युनियन एकीसाठीही उभी राहू शकते. एअरपोर्ट्स ऑथॉरिटीतल्या एका कर्मचारी महिलेला तिसरं मूल म्हणून रजा नाकारली गेली होती. यातलं पहिलं मूल आधीच्या लग्नातलं होतं. तिच्यासोबत तिची युनियन मुंबई हायकोर्टात गेली आणि 2024 मध्ये निकाल तिच्या बाजूनं लागला.

रजा नाकारली तर?

आधी अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. फोनवरचा नकार पुढे कामाला येत नाही. त्यानंतर नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात तक्रार करता येते. ईएसआय असेल तर दावा थेट ईएसआयच्या शाखा कार्यालयात करा. हजेरीकार्ड, पगाराची स्लिप आणि बँक पासबुक यांचे फोटो मोबाईलमध्ये आजच काढून ठेवा, कारण 80 दिवस मोजायची वेळ आली की कंत्राटदाराचं रजिस्टर सापडेलच असं नाही.