पांढऱ्या तांदळाची किंमत

शुभ्र भात ही एकेकाळी श्रीमंतीची खूण होती. तांदूळ जितका पांढरा, तितके घर मोठे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेवरच्या गिरण्या आल्या आणि ही श्रीमंती बराकी, तुरुंग नि इस्पितळांतही पोहोचली. तिच्यामागोमाग बेरीबेरी पसरली. पाय लुळे पडायचे, अंगाला सूज यायची, शेवटी हृदय थकायचे.

जावा बेटावर, बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, क्रिस्तियान आइकमन हे डच डॉक्टर या रोगाचे जंतू शोधत होते. जंतू सापडले नाहीत. प्रयोगाच्या कोंबड्या मात्र लुळ्या पडल्या आणि पुढे आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीत कळले, की त्यांना इस्पितळातला उरलेला पांढरा भात मिळत होता. नव्या स्वयंपाक्याने तो देणे नाकारले आणि त्यांच्यापुढे कोंड्यासकटचा तांदूळ आला. मग फोर्डरमन या अधिकाऱ्याने जावातले शंभरएक तुरुंग तपासले. जिथे कोंड्याचा तांदूळ, तिथे बेरीबेरी जवळजवळ नव्हतीच. १९०१ मध्ये ग्रेन्स यांनी सांगितले, की कोंड्यात जगवणारे काहीतरी आहे आणि तेच आपण फेकून देतो. १९१२ मध्ये अशा द्रव्यांना फुंक यांनी ‘व्हिटामाइन’ हे नाव दिले. १९२९ मध्ये आइकमन यांना नोबेल पारितोषिक मिळाले, हॉपकिन्स यांच्यासोबत विभागून.

कोकण-गोव्यातल्या उकड्या तांदळाचे शहाणपण इथे कळते. भात तुसासकट उकडताना कोंड्यातले सत्त्व दाण्यात उतरते. नंतर सडले तरी ते सगळे जात नाही. पेज पिणाऱ्या गरिबाला हे ठाऊक नव्हते, पण त्याचे पाय शाबूत राहिले.

१९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. वर्ध्याच्या मगनवाडीतून गांधीजी आणि कुमारप्पा यांनी हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ आणि गूळ यांचा आग्रह धरला.

मी कवी, मला जात्यावरच्या ओव्यांचा मोह फार. पण ओवी ऐकणाऱ्याला गोड लागते, मुसळ उचलणाऱ्या बाईच्या खांद्याला नाही. गिरणीने तो भार उतरवला, हे उपकार मोठेच. म्हणून उखळाकडे परत चला, असे मी म्हणणार नाही. आज फक्त तूस काढून कोंडा राखणारी यंत्रे आहेत. तेव्हा वाण्याकडे गेल्यावर तांदळाचा रंग पाहून भुलू नये. थोडा तांबूस, थोडा मळकट दाणा मागून घ्यावा. त्या मळकटपणाची किंमत जावातल्या कैद्यांनी आधीच मोजलेली आहे.