बंदूकधाऱ्यांचा पत्रव्यवहार

व्यवहारज्ञानाचा इतिहास हा वाङ्मयाच्या अभ्यासकाचा विषय नव्हे, अशी समजूत आपल्याकडे बरीच रूढ आहे. काव्य, नाटक, बखर, पोवाडा यांची चिकित्सा आपण करतो. परंतु दारू कोरडी कशी ठेवावी, रानात मुक्काम कोठे करावा, पावसाळ्यात लोखंडाला गंज कसा चढू देऊ नये, असल्या मजकुराकडे आपण क्वचितच वळतो. वस्तुतः माणसे भाषेचा सर्वांत अधिक उपयोग अशाच गोष्टी एकमेकांना सांगण्यासाठी करतात. प्रस्तुत लेखात आम्ही या मजकुराचा एक लहानसा प्रांत पाहणार आहोत. तो म्हणजे बंदूक बाळगणाऱ्या लोकांनी हत्यारांविषयी व रानातील राहणीविषयी परस्परांस दिलेला सल्ला. एकोणिसाव्या शतकात हा सल्ला दख्खनच्या भूमीवर विपुल लिहिला गेला, पण तो इंग्रजीत. तो मराठीत का उरला नाही, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

मराठीला हा विषय परका होता असे मात्र नाही. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र १७१५ च्या सुमारास सिद्ध झाले. त्यातील दुर्गप्रकरणात दारूखान्याविषयी जी शिकवण आहे, ती अनुभवी माणसाची आहे. दारूखाना घरांच्या जवळ नसावा, घरांवरून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेवरही नसावा. दारू जमिनीच्या ओलीपासून उंच, माचावर ठेवावी. आणि हवालदाराने दर आठ-पंधरा दिवसांनी स्वतः येऊन दारू व बाण बाहेर काढून त्यांस ऊन द्यावे, असा त्या शिकवणीचा आशय आहे. सह्याद्रीचा पावसाळा पाहिलेल्या मनुष्यालाच हे सुचावे. राज्यनीतीच्या ग्रंथात ठिणगी, वारा आणि ओल यांना इतके स्थान मिळाले, याचा अर्थ असा की मराठी गद्याला या विषयाचे वावडे नव्हते.

राज्याच्या दारूखान्याबाहेरही बंदूक होती. पाटलाच्या वाड्यात, बेरडाच्या झोपडीत, रानाच्या कडेला शेत राखणाऱ्या कुणब्याच्या माळ्यावर तोड्याची बंदूक असे. तिची रीत साधी, पण सवयीची. नळीच्या तोंडातून दारू ओतावी, वर बोळा घालून गजाने ठासावे, मग गोळी सोडावी. नळीच्या बुडाशी जो कान असतो त्यापाशी रंजक घालावी. आणि चाप ओढला की जळता तोडा रंजकेवर टेकावा. यांतल्या प्रत्येक पायरीला स्वतंत्र शब्द होता. तोडा, जामगी, रंजक हे शब्द मोल्सवर्थच्या कोशात नोंदलेले आहेत. त्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची. हे दुसरे साल वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता इंग्रजी पत्रव्यवहाराकडे वळू. १८२८ साली मुंबईत ‘ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन’ नावाचे नियतकालिक निघाले व ते १८३३ पर्यंत चालले. पेशवाई बुडून तेव्हा अवघी दहा वर्षे झाली होती. पुणे, नगर, खानदेश येथील छावण्यांत कंपनी सरकारचे तरुण अधिकारी पसरले होते. त्यांना लढाई उरली नव्हती आणि करमणूकही फारशी नव्हती. घोडा, भाला आणि बंदूक यांत त्यांचा वेळ जाई, आणि त्याचे वृत्तांत टोपणनावांनी या मासिकाकडे येत. रानडुकराची शिकार, घोड्यांच्या शर्यती, खानदेशातील वाघ, शिकारीची गाणी असा त्याचा मजकूर असे. हे अंक पुढे इतके दुर्मिळ झाले की १८७३ मध्ये लंडनमध्ये त्यांचे दोन खंडांत पुनर्मुद्रण करावे लागले. बंगालकडेही अशी मासिके निघाली, आणि या साऱ्यांतून हिंदुस्थानात राहणाऱ्या बंदूकधारी युरोपियनांचा एक कायमचा संवाद निर्माण झाला.

या संवादाचे मोल त्यातील फुशारकीत नाही. ते त्याच्या तपशिलात आहे. पुढील अर्धशतकात हत्यारात जे बदल झाले, ते प्रत्यक्ष वापरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी येथे दिसतात. गारगोटीची बंदूक जाऊन टोपीची, म्हणजे केपाची, आली. पुढे ठासणी जाऊन मागून काडतूस भरण्याची सोय झाली. शतकाच्या शेवटी धूर न करणारी दारू आली. नव्या शोधाचे स्वागत रानात लगेच होत नसे. ठासणीच्या बंदुकीला दारू आणि शिसे कोठेही मिळते, काडतूस मात्र संपले की बंदूक म्हणजे नुसती काठी, ही शंका खेड्यापाड्यांत हिंडणाऱ्याला पडणे स्वाभाविक होते. काळ्या दारूने नळीत काजळी धरते, ती ओल शोषून घेते आणि एका रात्रीत गंज चढतो. म्हणून गरम पाण्याने नळी धुऊन, वाळवून मग तेलाचा हात द्यावा, हा नियम त्या काळी सर्वांना ठाऊक असे. बंदुकीचा ‘बोअर’ सांगण्याची रीतही ध्यानात घेण्यासारखी आहे. एक पौंड शिशाच्या नळीत बसतील अशा समान गोळ्या पाडल्या असता बारा झाल्या, तर ती बारा बोअरची. म्हणून आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी. घरी साच्यात गोळ्या ओतणाऱ्या माणसाला हे माप सहज उमगे.

मासिकांतून विखुरलेला हा सल्ला हळूहळू ग्रंथांत आला. कॅप्टन हेन्री शेक्सपिअर हा नागपूरच्या फौजेतील अधिकारी. त्याचे ‘वाइल्ड स्पोर्ट्स ऑफ इंडिया’ १८६० मध्ये प्रसिद्ध झाले. तरुण अधिकाऱ्याने हत्यार कोणते घ्यावे आणि घोडा कसा पारखावा, याविषयी त्यात मार्गदर्शन आहे. जेम्स फॉर्सिथ हा त्याहून चिकित्सक. निमाडात जमाबंदीचे काम करताना आणि सातपुड्यात हिंडताना त्याने बंदुकीच्या नळीचा सूक्ष्म विचार केला. नळीतील आटे फार पिळाचे असले तर दारू वाढवताच गोल गोळी आटे सोडून घसरते. म्हणून पीळ अगदी सैल ठेवावा आणि दारू भरपूर घालावी, म्हणजे गोळी सरळ जाते व जोरात लागते, हा त्याच्या १८६३ च्या पुस्तकाचा मथितार्थ होय. त्याचे ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे पुस्तक १८७१ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी निघाले. त्यात गोंड, कोरकू, साल आणि सागाची राने, उन्हाळ्यात आटत जाणारे पाणवठे यांचे जे वर्णन आहे, त्याला आजही तोड नाही.

हे सर्व वाचताना एक गोष्ट आम्हांस वारंवार जाणवते. वाघ कोणत्या महिन्यात शोधावा? चैत्र-वैशाखात, कारण तेव्हा पाने झडतात आणि पाणी थोड्या ठिकाणी उरते. मुक्काम कोठे असावा? जनावराच्या पाण्यापासून दूर. माग ताजा की शिळा, हे कशावरून ओळखावे? हे ज्ञान लंडनच्या बंदूकवाल्याकडून आलेले नव्हते. ते भिल्ल, गोंड, कोरकू, पारधी, बेरड यांच्याकडून आले. खानदेशात १८२५ पासून जेम्स औट्रमने भिल्लांची पलटण उभारली, तेव्हा त्यांचा विश्वास त्याने मुख्यतः शिकारीतील सोबतीने मिळवला, हे प्रसिद्धच आहे. या देण्याघेण्याचा पुरावा इंग्रजी भाषेच्या अंगावरच आहे. शिकारी, मचाण, नाला, खबर, पग हे शब्द त्या पानांतून सर्रास येतात. ज्याचे ज्ञान घ्यावे त्याचा शब्दही घ्यावा लागतो. आज मराठी वृत्तपत्रे वाघाच्या पावलाच्या ठशाला ‘पगमार्क’ म्हणतात. म्हणजे आपलाच पग साहेबाचे शेपूट लावून घरी परत आला आहे.

शब्द घेतले, माणसांची नावे मात्र बहुधा घेतली नाहीत. या लेखनात साहेब हा बहुतेक वेळा ‘स्पोर्ट्समन’ असतो आणि माग दाखवणारा, हाका उठवणारा, अनेकदा जीवही वाचवणारा मनुष्य केवळ ‘माझा शिकारी’ असतो. पाणवठ्यावर रात्रभर बसून एकच बार काढणाऱ्या गावकऱ्याची त्यात हेटाळणीही आढळते. आखूड नजरेची बंदूक, थोडी दारू आणि महागडे शिसे हाती असलेल्या माणसाला जवळून व नेमका बार काढण्यावाचून गत्यंतर नव्हते, हे त्या लेखकांच्या ध्यानी क्वचितच आले. त्याचे बसणे हा खेळ नव्हता. ते पिकाचे आणि पोटाचे राखण होते.

येथे १८५७ या सालाकडे परत यावयाचे. उठावाच्या धामधुमीत सरकारने त्या वर्षीचा २८ वा कायदा करून हत्यारे बाळगण्यावर निर्बंध घातले. १८६० चा ३१ वा कायदा त्याच मार्गाने गेला. आमच्या सीमाभागात याचे पडसाद ताबडतोब उमटले. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानातील हलगली गावच्या बेरडांनी हत्यारे देण्याचे नाकारले. १८५७ च्या नोव्हेंबरात फौज आली, गाव जाळले गेले आणि म्होरक्यांना फाशी झाली. या प्रसंगावरील कानडी लावणी पुढे फ्लीटने संग्रहित करून १८८५ च्या सुमारास ‘इंडियन अँटिक्वरी’त छापली. हलगलीच्या लोकांना हत्यार म्हणजे केवळ लढाईचे साधन वाटत नव्हते. तो त्यांचा व्यवसाय, त्यांची प्रतिष्ठा आणि त्यांचे शिक्षण होते. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली त्याच वर्षी, तीत नोंदलेल्या वस्तू घरांतून गोळा होऊ लागल्या, हा योगायोग भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये.

लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या ११ व्या कायद्याने ही व्यवस्था पक्की केली. त्याखालील नियमांत युरोपियनांना परवान्यातून सूट होती, सामान्य हिंदी माणसाला नव्हती. हा वंशभेद १९२० च्या सुमारास दूर झाला. १८८७ च्या मद्रास येथील राष्ट्रसभेने या कायद्याविरुद्ध ठराव केला. त्या काळच्या चर्चेत स्वाभिमानाचा मुद्दा पुढे असे, परंतु शेतकऱ्याचा मुद्दाही कमी महत्त्वाचा नव्हता. डुकरे उभे पीक लोळवतात, बिबट्या गोठ्यात शिरतो आणि घरी बंदूक नाही, ही स्थिती खरी होती. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची जी स्वतंत्र तरतूद आली, तीत या जुन्या गाऱ्हाण्याची दखल दिसते.

आमच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. बंदुकीविषयीचा सल्ला लिहावयाचा तर लिहिणाऱ्याला आपल्यापाशी बंदूक आहे हे उघडपणे सांगता आले पाहिजे. १८५७ नंतरच्या खेड्यातील माणसाला नेमके हेच सांगणे अवघड झाले. ज्या दशकांत मराठी छापखाने व नियतकालिके भरभराटली, त्याच दशकांत हा जाणकार चोर ठरला, आणि चोर आपली विद्या छापीत नसतो. त्यामुळे आज्ञापत्रात उमटलेली परंपरा पुढे कृषिविषयक वा गृहोपयोगी लेखनासारखी वाढू शकली नाही.

या पत्रव्यवहाराला दुसरेही एक फळ आले. मुंबईत १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ गृहस्थांनी नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. १८८६ पासून संस्थेचे जर्नल निघू लागले. त्याच्या आरंभीच्या संपादकांपैकी स्टर्नडेल हा सिवनीच्या रानांत बंदूक घेऊन हिंडलेला. शिकाऱ्यांची टिपणे येथे शास्त्राच्या शिस्तीत बसली. ‘किती मारले’ याऐवजी ‘काय पाहिले’ हा प्रश्न विचारला जाऊ लागला. १९०८ च्या सुमारास लहानग्या सालिम अलींनी हवेच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखण्यासाठी याच संस्थेत नेली, आणि एका महान पक्षिशास्त्रज्ञाचा मार्ग तेथून सुरू झाला.

अबोल जाणकारास नावानिशी मान देणारे एक ठळक उदाहरण मात्र दख्खनबाहेर, कुमाऊँत सापडते. जिम कॉर्बेट यांनी ‘माय इंडिया’ या १९५२ च्या पुस्तकात कुंवर सिंग या गावमुखियावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. कायद्याच्या दृष्टीने तो चोरटा शिकारी. लेखकाच्या दृष्टीने गुरू. रानात निर्भय हिंडावयाचे तर आधी झाडावर चढता आले पाहिजे, ही त्याची पहिली शिकवण. बंदुकीच्या विद्येचा पहिला धडा बंदुकीविषयी नसून झाडाविषयी असावा, यात रानातील सारे शहाणपण आले. असे किती कुंवर सिंग सातपुड्यात आणि मलप्रभेच्या काठी नावाविना गेले असतील!

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा तो काळ मावळला, आणि ते योग्यच झाले. जनावरे मारण्याची हौस परत यावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु रान वाचण्याची जी विद्या त्या हौशीच्या पोटात होती, तिची रानाला आजही गरज आहे. बेळगाव, निमाड, गोवे येथील आमच्या शिक्षकबंधूंना एवढेच सुचवावेसे वाटते की, त्यांनी वर्गातील मुलांना आपापल्या आजोबांकडे पाठवावे; माग, पाणवठा, माळा, हाका यांसंबंधीचे शब्द टिपून आणावयास सांगावे; आणि प्रत्येक शब्दापुढे सांगणाऱ्याचे नाव अवश्य लिहावे. इंग्रजी पानांनी जी गोष्ट टाळली, ती मराठी वहीने करावी.