नोटिफिकेशनवर टॅप केलं की नेमकं तेच पान कसं उघडतं? पुश नोटिफिकेशनमधला ‘कस्टम डेटा’

समजा, तुमच्या कॉलेजच्या अ‍ॅपचं नोटिफिकेशन आलं: ‘तिसऱ्या सेमिस्टरचा निकाल लागला’. तुम्ही टॅप केलं आणि थेट निकालाचं पान उघडलं. मित्राच्या फोनवर मात्र तेच नोटिफिकेशन टॅप केल्यावर नुसती होम स्क्रीन आली. आता बसा मेनूमध्ये निकाल शोधत! असं का होतं?

याचं उत्तर बहुतेक वेळा नोटिफिकेशनसोबत आलेल्या, पण स्क्रीनवर न दिसणाऱ्या माहितीत असतं. तिला कस्टम डेटा म्हणतात. ही माहिती फोनपर्यंत कशी येते, कुठे हरवते आणि तिच्यात काय कधीच ठेवू नये, हे मी या लेखात सांगतो. फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह शिकत असाल तर पूर्ण वाचा. फक्त अ‍ॅप वापरत असाल, तर शेवटचे दोन भाग नक्की वाचा.

नोटिफिकेशन येतं कुठून?

अ‍ॅपचा सर्व्हर तुमच्या फोनला थेट निरोप पाठवत नाही. अँड्रॉइडवर हे काम सहसा गूगलची फायरबेस क्लाउड मेसेजिंग, म्हणजे एफसीएम, ही सेवा करते. आयफोनवर अ‍ॅपलची एपीएनएस ही सेवा असते. प्रत्येक फोनवरच्या अ‍ॅपला एक टोकन मिळतं. हे टोकन म्हणजे निरोप कुठे पोहोचवायचा त्याचा पत्ता.

फ्लटरमध्ये आपण एकच कोड लिहितो आणि तो दोन्हीकडे चालतो. बरेच जण दोन्हीकडे एफसीएम वापरतात. पण आयफोनसाठीचा निरोप एफसीएम पुढे एपीएनएसकडेच देते. म्हणजे कोड एक असला तरी खालचे रस्ते दोन आहेत, आणि बहुतेक घोळ इथेच होतात.

निरोपाचे दोन भाग

एका निरोपात दोन भाग असू शकतात. पहिला दिसणारा: शीर्षक आणि मजकूर. दुसरा डेटा भाग: नाव आणि किंमत अशा जोड्या. आपल्या उदाहरणात तो असा असेल (कोडमध्ये ही नावं रोमन लिपीत असतात, इथे समजायला मराठीत लिहितो):

प्रकार : "निकाल"
सेमिस्टर : "३"
निकाल_आयडी : "७८१२"

टॅप झाल्यावर अ‍ॅप हे वाचतं आणि ठरवतं की निकालाचं पान उघडायचं, तेही ७८१२ क्रमांकाचं.

एफसीएमचे इथे काही नियम आहेत:

१. प्रत्येक किंमत स्ट्रिंगच हवी. ३ हा आकडा पाठवायचा असेल तरी तो अवतरणात "३" असा द्यायचा. यादी किंवा आत आणखी जोड्या पाठवायच्या असतील, तर आधी त्यांची जेसॉन स्ट्रिंग करा आणि फोनवर ती उलगडा.

२. ‘फ्रॉम’ आणि ‘मेसेज_टाइप’ ही नावं, तसंच ‘गूगल’ किंवा ‘जीसीएम’ने सुरू होणारी नावं राखीव आहेत. ती वापरू नका.

३. साधारण मर्यादा ४०९६ बाइट्सची आहे. एपीएनएसचीही नेहमीच्या नोटिफिकेशनसाठी तेवढीच. इथे मराठीसाठी एक खास गोष्ट: यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला ३. ‘निकाल’ या शब्दात काना आणि वेलांटी धरून ५ चिन्हं आहेत, म्हणजे १५ बाइट्स झाले. मराठी मजकूर टाकला की मर्यादा इंग्रजीच्या तिप्पट वेगाने संपते.

अ‍ॅपच्या तीन अवस्था

टॅप कुठल्या अवस्थेत झाला यावर डेटा कुठे मिळणार हे ठरतं. फ्लटरमध्ये ते असं आहे:

- अ‍ॅप समोर उघडं आहे: निरोप ‘ऑनमेसेज’मध्ये येतो. पण अँड्रॉइडवर नोटिफिकेशन आपोआप दिसत नाही. ते लोकल नोटिफिकेशनच्या प्लगइनने आपल्याला दाखवावं लागतं. त्या वेळी डेटा त्या प्लगइनच्या पेलोडमध्येही भरावा लागतो, नाहीतर टॅप झाल्यावर हाती काहीच येत नाही.
- अ‍ॅप मागे चालू आहे: टॅप ‘ऑनमेसेजओपन्डअ‍ॅप’मध्ये कळतो.
- अ‍ॅप पूर्ण बंद आहे: टॅपमुळे अ‍ॅप नव्याने सुरू होतं आणि डेटा ‘गेटइनिशियलमेसेज’मधून मागून घ्यावा लागतो. तो एकदाच मिळतो.

‘टॅप केलं तर होम स्क्रीनच येते’ ही तक्रार बऱ्याचदा तिसऱ्या अवस्थेतली असते. पहिल्या दोन अवस्थांचा कोड लिहिलेला असतो आणि तिसरी राहून गेलेली असते. कधी तिसरीचा कोडही असतो, पण लॉगिनची तपासणी पूर्ण व्हायच्या आधीच तो पान उघडायला जातो. त्यामुळे हाती आलेला डेटा लगेच एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि अ‍ॅप तयार झाल्यावर वापरा.

मी यासाठी एकच फंक्शन ठेवतो: डेटा घेतं आणि पान उघडतं. निरोप कुठूनही येवो, शेवटी याच फंक्शनकडे जातो. ‘प्रकार’ अनोळखी निघाला तर ते होम स्क्रीन उघडतं, अ‍ॅप क्रॅश होत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण जुनं अ‍ॅप अपडेट न केलेले लोक नेहमीच असतात.

नुसता डेटा पाठवला तर?

दिसणारा भाग काढून फक्त डेटाही पाठवता येतो. मग सिस्टम काहीच दाखवत नाही, पुढचं काम अ‍ॅपने करायचं. पण यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. फोन झोपलेला असेल तर अँड्रॉइडवर साध्या प्राधान्याचा निरोप उशिरा पोहोचू शकतो. आयफोनवर असे मूक निरोप किती पोहोचवायचे ते अ‍ॅपल ठरवतं, आणि वापरणाऱ्याने अ‍ॅप वर सरकवून बंद केलं असेल तर त्यासाठी ते जागंच होत नाही. म्हणून निकालासारखी गोष्ट दिसणारा भाग आणि डेटा अशा दोन्हींसह पाठवा.

गुण नाही, फक्त आयडी पाठवा

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ‘डेटा दिसत नाही ना, मग गुण, बँकेतली शिल्लक किंवा आजाराचं नाव टाकलं तर काय बिघडलं?’ बरंच बिघडतं.

एफसीएमचा निरोप प्रवासात एन्क्रिप्टेड असतो, पण तो आपणहून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतो. म्हणजे मजकूर गूगलच्या, आणि आयफोन असेल तर अ‍ॅपलच्याही सर्व्हरवरून जातो. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेचे सिनेटर रॉन वायडन यांनी एका पत्रात उघड केलं होतं की सरकारं या दोन कंपन्यांकडे पुश नोटिफिकेशनच्या नोंदी मागतात. सिग्नल अ‍ॅप म्हणूनच पुशमध्ये संदेशाचा मजकूर पाठवत नाही. पुश फक्त अ‍ॅपला जागं करतो, आणि संदेश अ‍ॅप स्वतः आणतं.

आपणही तेच करावं. डेटात फक्त आयडी ठेवा आणि खरी माहिती टॅपनंतर, लॉगिन तपासून, आपल्या सर्व्हरवरून आणा. याचा आणखी एक फायदा आहे. फोन बंद असेल तर एफसीएम निरोप जास्तीत जास्त चार आठवडे राखून ठेवू शकतं. तेवढ्यात निकालात दुरुस्ती झाली, तर आयडीवरून ताजा निकाल मिळतो, जुना नाही.

सर्व्हरने मात्र तो आयडी लॉगिन केलेल्याच विद्यार्थ्याचा आहे ना, हे तपासलंच पाहिजे. आणि लॉगआउट झालं की त्या खात्याचं टोकन सर्व्हरवरून काढा. नाहीतर तुम्ही फोन धाकट्या भावाला दिला, त्याने त्याच अ‍ॅपमध्ये स्वतःचं लॉगिन केलं, तरी तुमच्या खात्याची नोटिफिकेशन्स त्याला दिसत राहतील.

तुम्ही स्वतः काय तपासाल?

- अ‍ॅप बनवत असाल तर तिन्ही अवस्थांमध्ये टॅप करून पाहा: उघडं, मागे आणि पूर्ण बंद. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर. लॉगआउट करूनही एकदा पाहा.
- अँड्रॉइड १३ पासून नवं अ‍ॅप नोटिफिकेशनची परवानगी विचारतं. ज्या अ‍ॅपची गरज नाही त्याला सरळ नकार द्या.
- लॉक स्क्रीनवर संवेदनशील मजकूर लपवण्याची सोय सेटिंग्जमध्ये असते, ती चालू करा. पण तिच्यामुळे मजकूर फक्त तुमच्या स्क्रीनवर लपतो. तो पाठवायचाच नाही, हे अ‍ॅप बनवणाऱ्याच्या हातात आहे.
- फोन विकण्याआधी किंवा दुसऱ्याला देण्याआधी प्रत्येक अ‍ॅपमधून लॉगआउट करा आणि मग फोन रीसेट करा.