खाजगी रस्त्याचे सार्वजनिक रस्त्यात रूपांतर (मुंबई)

खाजगी रस्ता सार्वजनिक म्हणून घोषित करणे ही बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत लागू असलेली एक वैधानिक प्रक्रिया आहे. तिचे निकष मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३०५ व ३०६ मध्ये आढळतात. रस्त्याच्या देखभालीचा खर्च कोणी सोसावा, हा या प्रक्रियेतील मूळ प्रश्न होय.

व्याख्या

अधिनियम लागू होण्यापूर्वी महापालिकेने सपाटीकरण, खडीकरण, फरसबंदी किंवा दुरुस्ती केलेला रस्ता, तसेच अधिनियमातील तरतुदींनुसार पुढे सार्वजनिक ठरलेला रस्ता, हा सार्वजनिक रस्ता होय. जो सार्वजनिक नाही तो खाजगी, एवढीच खाजगी रस्त्याची व्याख्या आहे. त्यामुळे 'खाजगी' या शब्दाने गैरसमज होण्याचा संभव असतो. एखाद्या गल्लीतून वर्षानुवर्षे सारा मोहल्ला ये-जा करीत असला, तरी तेवढ्याने ती कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक होत नाही.

निकष

कलम ३०६ नुसार रस्ता समतल केलेला, खडी किंवा फरशी घातलेला, मलवाहिन्या, पाण्याचा निचरा व कडेची पन्हळ यांनी युक्त आणि एकंदर सुस्थितीत असला पाहिजे. ही कामे आयुक्तांचे समाधान होईल अशी झालेली असावी लागतात. या कलमात खडीच्या थराची जाडी किंवा उताराचे प्रमाण दिलेले नाही. 'समाधान' या एका शब्दावर सारे सोपविले आहे.

एवढी पूर्तता झाल्यावर आयुक्त रस्ता सार्वजनिक घोषित करू शकतात, परंतु तसे करणे त्यांच्यावर बंधनकारक नाही. रस्त्याच्या मालकाने, किंवा अनेक मालकांपैकी एकाने, तशी मागणी केली आणि दिवे, दिव्यांचे खांब व प्रकाशासाठी लागणारी इतर साधने समाधानकारकरीत्या पुरविली असली, तर मात्र घोषणा करावीच लागते. ऐच्छिक अधिकाराचे कर्तव्यात रूपांतर होते ते या दिव्यांच्या अटीपाशी. अर्जदारांनी ही अट बारकाईने वाचावी.

घोषणेची लेखी सूचना त्या रस्त्यावरच लावली जाते. त्यानंतर एक महिन्याच्या आत रस्त्याच्या किंवा त्याच्या अधिकांश भागाच्या मालकाने लेखी हरकत घेतल्यास रस्ता सार्वजनिक होत नाही.

खर्च आणि हरकत

रस्ता निकषांत बसत नसेल, तर कलम ३०५ खाली आयुक्त नोटीस देऊन आवश्यक कामे करण्यास सांगू शकतात. ही नोटीस रस्त्यालगतच्या मिळकतींचे मालक किंवा भोगवटादार यांना दिली जाते. कामे न झाल्यास महापालिका ती स्वतः करून खर्च वसूल करू शकते.

येथे एक विसंगती दिसते. खर्चाचा भार लगतच्या मिळकतधारकांवर येतो, तर हरकतीचा हक्क रस्त्याच्या जमिनीच्या मालकाकडे असतो. जुन्या अभिन्यासांत (लेआऊटमध्ये) हे दोघे एकच असतील असे नाही. भूखंड विकले गेले, इमारती उभ्या राहिल्या, सोसायट्या स्थापन झाल्या, पण मधल्या रस्त्याची पट्टी मूळ जमीनमालकाच्या नावावरच राहिली, अशी स्थिती उद्भवू शकते. मालक हयात नसल्यास वारसांचा शोध घ्यावा लागतो. तोवर पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून वाट काढणाऱ्या रहिवाशाला हा भेद समजावून सांगणे सोपे नाही.

पूर्वपीठिका

या तरतुदींचे इंग्लंडच्या १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य अधिनियमातील कलम १५० व १५२ शी जवळचे साम्य आहे. तेथेही लगतच्या मालकांना नोटीस, प्रकाशाची अट आणि महिन्याभराची हरकतीची मुदत होती. रस्त्याचा विषय आरोग्याच्या कायद्यात येण्याचे कारण सांडपाणी हे होते. आज इंग्लंडमध्ये महामार्ग अधिनियम, १९८० च्या कलम ३८ खाली विकासक व स्थानिक प्राधिकरण यांच्यात आधीच करार करण्याची पद्धत प्रचलित आहे.

परिणाम

घोषणा अंतिम झाल्यावर रस्ता, त्यावरील फरसबंदी व इतर साहित्य कलम २८९ नुसार महापालिकेकडे निहित होते आणि त्यावर आयुक्तांचे नियंत्रण येते. दुरुस्तीची जबाबदारी महापालिकेची होते. त्याबरोबरच रहिवाशांना तेथे स्वतःचे फाटक बसवून बाहेरच्यांना अडविता येत नाही किंवा रस्त्याची जागा आपल्याच वाहनांसाठी राखून ठेवता येत नाही.