डहाणूचं नाव नाशिकच्या लेण्यात कसं पोहोचलं? जव्हार-मोखाड्याच्या वाटेवरून एका जुन्या बाजारपेठेकडे

पांडवलेणीच्या फोटोंना इन्स्टाग्रामवर तोटा नाही. पायऱ्या, कोरीव खांब, पावसाळ्यात खाली पसरलेलं हिरवं नाशिक. पण दहा नंबरच्या लेण्याच्या व्हरांड्यात, छताच्या जरा खाली, ब्राह्मी लिपीत एक लेख कोरलाय, तो फारसा कुणाच्या फोटोत दिसत नाही. त्यात ‘शोर्पारग’ आहे, म्हणजे आपलं नालासोपारा. आणि ‘डाहनुका’ नावाची नदीही आहे, म्हणजे आपलं डहाणू. आजच्या पालघर जिल्ह्यातली दोन नावं साधारण १९०० वर्षांपासून नाशिकच्या डोंगरावर आहेत.

याचं कारण व्यापार. सोपारा हे त्या काळातलं मोठं बंदर होतं. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचच्या पुढच्या बाजारगावांमध्ये सोपारा आणि कल्याणची नावं येतात. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी इथल्या स्तूपाचं उत्खनन केलं, अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही इथेच मिळाला. बंदरात उतरलेला माल देशावर न्यायचा तर सह्याद्री चढावा लागणार, आणि घाट चढून गेलं की मोठी पेठ म्हणजे नाशिक. टॉलेमीलाही ‘नासिक’ माहीत होतं.

वाट आजही चालू आहे

जव्हार ते नाशिक अंतर साधारण ८० किलोमीटर. जव्हार, मोखाडा, तोरंगण घाट, त्र्यंबकेश्वर आणि मग नाशिक. १६६४ मध्ये सुरतेवर जाताना शिवाजी महाराज जव्हारच्या शिरपामाळावर थांबले होते, असं इथे सांगतात. दिवाळीनंतर या वाटेवर पर्यटकांपेक्षा द्राक्षबागांच्या कामाला निघालेली कुटुंबंच जास्त भेटतात. पोरंबाळं, भांडीकुंडी, सगळं सोबत.

त्र्यंबकला डोक्यावर ब्रह्मगिरी उभा असतो. गोदावरी या डोंगरात उगम पावून पूर्वेला जाते. याच डोंगररांगेतून निघालेली वैतरणा मात्र पश्चिमेला वळते, मोखाड्यातून वाहत सोपाऱ्याच्या उत्तरेला समुद्राला मिळते. मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ तिच्यावर मध्य वैतरणा धरण आहे. त्याचं पाणी मुंबई पिते आणि एप्रिल-मे उजाडला की मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर येतात.

डोंगर नव्हे, पेठेची वही

पांडवलेणीचा पांडवांशी संबंध नाही. डोंगराचं नाव त्रिरश्मी, लेखांमध्ये ‘तिरण्हु’. इथे २४ बौद्ध लेणी आहेत. ती राजांनीच कोरवली असा आपला समज असतो, पण भिंतीवरची नावं वाचली की चित्र बदलतं. अठरा नंबरच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागाला धंभिक नावाच्या गावाने दान दिलंय. सतरा नंबरचं लेणं उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त या यवनाचं, म्हणजे ग्रीक माणसाचं. व्यापाराच्या वाटेवर जे जे होते, त्यांची नावं या डोंगरावर आहेत.

दहा नंबरचं लेणं उषवदाताचं. तो क्षत्रप राजा नहपानाचा जावई. त्याने इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि डाहनुका या सहा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, दोन्ही काठांवर थांबायला निवारे आणि पाणपोया बांधल्या, असं लेख सांगतो. उतारूंकडून पैसे घ्यायचे नाहीत, हे पुण्याचं काम. हे वाचताना २०२२ च्या जानेवारीतले व्हायरल फोटो आठवतात. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन, आडव्या टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून तास नदी ओलांडत होत्या. बातमी गाजली, लोखंडी पूल आला आणि त्याच पावसाळ्यात वाहून गेला.

आता या लेण्यातला सगळ्यात भारी भाग. उषवदाताने भिक्षूंसाठी ३००० कार्षापण ठेवले, पण रोख वाटले नाहीत. गोवर्धन, म्हणजे नाशिकच्या पश्चिमेचं आजचं गोवर्धन गाव, तिथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ते गुंतवले. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. एका श्रेणीकडे २००० ठेवले, शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम कधीच परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचं. २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी.

हिशेब करून बघा. दर महिन्याचा धरला तर शेकडा एक म्हणजे वर्षाला १२ टक्के. २००० वर २४० झाले. २० भिक्षू गुणिले १२, तेही २४०. जुळलं! आणि हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे पेठेच्या सभेत, जाहीर करून फळ्यावर नोंदवला, असंही लेख सांगतो. आपण ज्याला मुदत ठेव म्हणतो, तिची पावती इथे दगडात कोरलेली आहे, आणि ठेव घेणारे सावकार नव्हे तर विणकर आहेत. पुढच्या काळातल्या एका लेखात विष्णुदत्ता नावाच्या बाईने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी अशीच ठेव ठेवलीय. तिच्या यादीत कुंभार आणि तेली यांच्या श्रेणी येतात.

नहपानाला पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने हरवलं. १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला होता. राजा बदलला, पण बाजाराला तीच चांदी चालली.

बाजार कुठे बघायचा?

जुन्या नाशकात. सराफ बाजार, भांडी बाजार, तांबट लेन, सगळं गोदाकाठापासून पायी अंतरावर. पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत चढलंय हे बघून इथले दुकानदार माल हलवतात. बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो, म्हणून शक्यतो बुधवारच निवडा. सकाळी पहिल्या गाडीने निघा आणि आधी लेणी करा, उन्हात पायऱ्या जड जातात. मुंबई-आग्रा महामार्गालगत फाळके स्मारकापासूनच चढ सुरू होतो, तिकीट लागतं. तीन नंबरचं गौतमीपुत्राच्या घराण्याचं लेणं सगळ्यात देखणं आहे आणि गर्दीही तिथेच असते. दहा नंबर दिसायला जवळपास तसंच आहे. आत शिरायची घाई करू नका, व्हरांड्यात उभं राहून मान वर करा. अक्षरं तिरप्या उजेडात जास्त स्पष्ट दिसतात. भिंतीला हात लावू नका, खडूने तर मुळीच गिरवू नका. पावसाळ्यात तोरंगण घाटात धुकं असतं, त्यामुळे परतीची गाडी अंधाराच्या आधीची पकडा. आणि सिंहस्थाच्या पर्वण्यांचे दिवस टाळाच, त्र्यंबकचा रस्ता तेव्हा आपला राहत नाही.