युद्धकैद्याचे नाव



१९७१ च्या युद्धाचा धडा आपण शाळेत वाचतो तो ढाक्याच्या शरणागतीपर्यंत. १६ डिसेंबरला शस्त्रे खाली ठेवली गेली, सुमारे ९३,००० माणसे भारताच्या ताब्यात आली, आणि पान संपले. पण कैदेत पडलेल्या शिपायाचे पुढे काय होते, हा प्रश्न तुमच्यापैकी किती जणांनी मास्तरांना विचारला आहे?

यासाठी १२ ऑगस्ट १९४९ चा तिसरा जिनेव्हा करार आहे. भारताने तो १९५० मध्ये व पाकिस्तानने १९५१ मध्ये मान्य केला. पकडलेल्या शिपायाने नाव, हुद्दा, जन्मतारीख व क्रमांक एवढेच सांगावयाचे. आठवड्याच्या आत त्याला घरी आणि जिनेव्हाच्या कचेरीस एकेक कार्ड लिहू द्यावयाचे. शिवाय कलम १२६ अन्वये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या प्रतिनिधींना कैदी ठेवलेल्या प्रत्येक जागी जाता आले पाहिजे व कैद्याशी एकांतात बोलता आले पाहिजे. एकांतात हा शब्द विसरू नका. समोर पहारेकरी उभा असता, जेवण कसे मिळते, याचे खरे उत्तर कोण देईल?

भारतातील छावण्यांना रेडक्रॉसचे लोक भेटी देत, पत्रांची ने-आण होई. जनरल नियाझी जबलपूरला होते. ३० एप्रिल १९७४ रोजी वाघ्याहून ते परतले.

आता पलीकडची हकीकत ऐका. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचे विमान १० डिसेंबर १९७१ रोजी पडले आणि ते रावळपिंडीच्या छावणीत गेले. रेडक्रॉसच्या यादीत त्यांचे नाव होते. पत्रे व पार्सले येत. ऑगस्ट १९७२ मध्ये ते, ग्रेवाल व हरीश सिंहजी भिंतीला भोक पाडून निसटले. पेशावरमार्गे लंडी कोतलपर्यंत पोहोचले. जुन्या नकाशावर पाहून त्यांनी लंडी खाना स्टेशनचा रस्ता विचारला. ते स्टेशन १९३२ सालीच बंद पडलेले! तिथेच संशय आला. जिवावर बेतले तेव्हा परुळकरांनी छावणीचे पूर्वीचे अधिकारी स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद यांना फोन लावावयास सांगितले. ही माणसे आमची आहेत, त्यांना इजा करू नका, असा निरोप हमीद यांनी दिला. शत्रूपक्षाच्या अधिकाऱ्याचे हे वागणे मला त्या धाडसाइतकेच मोठे वाटते. १ डिसेंबर १९७२ रोजी सहाशेहून अधिक भारतीय कैदी वाघ्याहून परतले, त्यांत हे तिघेही होते.

फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे मात्र परतले नाहीत. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोटवर त्यांचे विमान पडले. त्याच सुमारास ढाक्याच्या एका इंग्रजी वृत्तपत्राने जिवंत पकडलेल्या वैमानिकांत 'टॉम्बे' असे एक नाव छापले. परंतु रेडक्रॉसला मिळालेल्या यादीत ते नाव आले नाही. ज्याचे नाव यादीत नाही त्याच्या कोठडीपर्यंत प्रतिनिधी जाणार कसा? पाकिस्तानने असा कैदी आपल्याकडे नाही असेच सांगितले आहे. अशा बेपत्ता भारतीय सैनिकांची संख्या ५४ सांगितली जाते.

त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. तेव्हापासून त्यांनी दिल्लीच्या किती कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

१९८३ मध्ये सहा नातेवाइकांना मुलतानच्या तुरुंगापर्यंत जाऊ दिले गेले. जून २००७ मध्ये चौदा नातेवाईक पाकिस्तानातील अनेक तुरुंग पाहून आले, त्यांत दमयंतीबाईही होत्या. युद्धाला तेव्हा पस्तीस वर्षे उलटून गेली होती. बरोबर नेलेले फोटो घेऊन ती मंडळी परत आली.