तडा आणि रेखा

पेकिंगच्या शाही विद्यापीठाचे प्रमुख वांग यिरोंग यांनी १८९९ साली काही जीर्ण हाडांवरील ओरखडे ही अतिप्राचीन अक्षरे होत असे ओळखले, तोपर्यंत ती हाडे ड्रॅगनची म्हणून वैद्यांच्या दुकानांत विकली जात आणि कुटून रोग्यांच्या पोटात जात. किती राजांचे दफ्तर अशा रीतीने खलबत्त्यात नष्ट झाले असेल, या विचाराने मन विषण्ण होते. पुढे त्यांचा माग हनान प्रांतातील आन्यांगजवळ, शांग राजांच्या अखेरच्या राजधानीपर्यंत लागला, आणि १९३६ साली तेथील एकाच खड्ड्यातून सतरा हजारांहून अधिक तुकडे निघाले.

ही हाडे शकुन पाहण्यासाठी वापरीत, आणि त्याची रीत अशी होती. बैलाच्या खांद्याचे सपाट हाड किंवा कासवाच्या पोटाकडचे कवच घासून गुळगुळीत करावयाचे, मागील अंगास ओळीने खळगे कोरावयाचे, आणि प्रश्न उच्चारून खळग्याला धग लावावयाची, की पुढील अंगास एक उभा तडा जाई व त्याला आडवी फांदी फुटे. शकुन या अर्थाचे ‘बु’ हे चिनी अक्षर म्हणजे त्या तड्याचेच चित्र आहे. तड्याशेजारी दिवस, शकुन पाहणाऱ्याचे नाव, प्रश्न आणि राजाचा निर्णय कोरीत, आणि कित्येकदा पुढे प्रत्यक्षात काय घडले याची रुजुवातही करीत. वू डिंग राजाची राणी फू हाव गरोदर असताना राजाने प्रसूतीसाठी दोन शुभ दिवस वर्तविले. परंतु एकतीस दिवसांनी, त्या दोहोंपैकी नसलेल्या तिसऱ्याच दिवशी प्रसूती होऊन मुलगी झाली, आणि ‘शुभ नव्हे’ अशी नोंद झाली. जिने सैन्याचे आधिपत्य केल्याचे हीच हाडे सांगतात, त्या राणीच्या मुलीला अशुभ ठरविणारी ती दृष्टी आपणांस खुपते. तरीपण राजाचा शब्द खरा न ठरल्याचे त्याच्याच दफ्तरात निर्भीडपणे कोरून ठेवणारा तो अनामिक लेखक मला कोणत्याही भविष्यवेत्त्याहून थोर वाटतो.

शांगांचा उच्छेद करून चौ घराणे गादीवर आले, आणि त्यांच्या काळी अग्नीच्या जोडीला गणिताची प्रतिष्ठा वाढली. एका रानटी वनस्पतीच्या पन्नास वाळक्या काड्या घ्यावयाच्या, एक बाजूस ठेवावयाची, उरलेल्या एकोणपन्नासांचे अंदाजाने दोन भाग करून, एका भागातील एक काडी वेगळी काढून, दोन्ही भाग चार-चारांनी मोजावयाचे, शेष वगळावयाचा, आणि हीच क्रिया तीनदा केली म्हणजे हाती २४, २८, ३२ किंवा ३६ काड्या राहतात. त्यांस चारांनी भागले की ६, ७, ८ किंवा ९ हा अंक येतो. विषम अंकाची रेघ अखंड, सम अंकाची मध्ये तुटलेली. अठरा वेळा मोजणी झाली की खालून वर सहा रेघांची एक आकृती सिद्ध होते, आणि अशा आकृत्या चौसष्टच संभवतात. ‘यी’, म्हणजे परिवर्तन, या नावाने विख्यात झालेल्या ग्रंथाचा हाच गाभा; कन्फ्यूशियसच्या नावावर घातलेली तत्त्वचिंतनपर परिशिष्टे त्याला शतकांनंतर जोडली गेली.

माझ्या मते परिवर्तनाचा सिद्धान्त त्या परिशिष्टांच्या कितीतरी आधी काड्यांच्या मोजणीतच जन्मला होता. कारण ७ आणि ८ हे अंक तरुण व स्थिर, तर ९ आणि ६ वृद्ध मानले जात. आणि जे वृद्ध झाले ते आपल्या विरुद्धात पालटावयाचेच, या न्यायाने नवाची अखंड रेघ तुटे, सहाची तुटकी सांधली जाई, आणि पहिल्या आकृतीच्या पोटातून दुसरी प्रकट होई. विनाशाचे बीज क्षीणतेत नसून परिपूर्णतेत असते, हा केवढा गंभीर विचार! वाचकांनी तो ग्रंथ कधी हाती घेतला, तर रेघांची नावे अवश्य पाहावीत: प्रत्येक अखंड रेघेस तेथे ‘नऊ’ आणि प्रत्येक तुटक्या रेघेस ‘सहा’ म्हटले आहे, सात व आठ या स्थिर अंकांच्या नावाची एकही रेघ त्यात नाही.